इकोलालिया असलेल्या मुलांसाठी स्पीच थेरपी: कुठली घ्यावी, कुठून उठावं

पहिल्या सेशनमध्ये थेरपिस्ट मुलाचं निदान एक वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवून घेते का, आणि ‘हे त्याने कुठे ऐकलं असेल?’ असं पालकांना विचारते का, एवढं पाहा. इकोलालिया असलेल्या मुलासाठी थेरपी निवडताना याहून चांगली कसोटी आमच्या पाहण्यात नाही. भिंतीवरची प्रमाणपत्रं, खेळण्यांनी भरलेली कपाटं, ‘तीन महिन्यांत बोलता करू’ हे आश्वासन, यांतल्या कशावरूनही जे कळत नाही ते या एका प्रश्नावरून कळतं: इथे मुलाचं बोलणं ऐकलं जाणार आहे की नुसतं दुरुस्त केलं जाणार आहे.

इकोलालिया म्हणजे ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणणं. कधी लगेच, कधी काही तासांनी, तर कधी महिन्यांनीसुद्धा, आणि बहुतेकदा मूळच्या सुरासकट. बोलू लागलेली बरीच मुलं काही काळ असं करतात. अडीच-तीन वर्षांच्या आसपास ते ओसरतं. ऑटिझम असलेल्या, बोलणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या बाबतीत मात्र ते टिकतं आणि कित्येकदा तेच त्यांचं बोलण्याचं मुख्य साधन असतं. दृष्टिहीन मुलांतही ते बरंच आढळतं. या मुलांसाठी ज्या थेरपी मिळतात त्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या.

बंद पाडणारी

पहिला प्रकार प्रतिध्वनीला, म्हणजे ऐकलेलं असं परत म्हणण्याला, खोड समजतो. मूल प्रश्नच परत म्हणालं की थेरपिस्ट ‘नाही, नीट उत्तर दे’ म्हणते, हात पुढे करून थांबवते, गप्प राहिलं तर बक्षीस देते. टेबल, खुर्ची, चित्रांचे पत्ते; ठरलेले पत्ते झाले की आवडतं खेळणं दोन मिनिटं. हिशेब ठेवायला ही पद्धत सोपी. पालकांना दर महिन्याला आलेख मिळतो आणि त्यात प्रतिध्वनी कमी होताना दिसतो. त्यासोबत मुलाचं एकूण बोलणंही कमी होतंय का, हे त्या आलेखात नसतं.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझम असलेल्या 11 मुलांचं जे वर्णन प्रसिद्ध केलं, त्यातच नोंद आहे की ही मुलं ‘हो’ म्हणण्याऐवजी प्रश्न परत म्हणतात. ‘पाणी हवंय?’ असं विचारल्यावर ‘पाणी हवंय?’ हाच होकार. 1981 मध्ये वाचा-भाषा अभ्यासक बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्युकन यांनी 4 ऑटिस्टिक मुलांच्या व्हिडिओंतले हजाराहून अधिक लगेचचे प्रतिध्वनी तपासले आणि त्यांचे 7 गट केले: बोलण्यातली आपली पाळी घेणं, होकार देणं, मागणं, एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवत तिचं नाव घेणं, उत्तर देण्याआधी घोकणं, स्वतःच्या हालचालीला दिशा देणं, आणि ज्यामागे हेतू दिसला नाही असेही काही. 1984 मध्ये प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांनी उशिराच्या प्रतिध्वनीची 14 कामं मांडली.

हे सगळं इतकी वर्षं छापील उपलब्ध असताना बंदीने सुरुवात करणारी थेरपी आम्ही कुणालाच सुचवणार नाही. होकार देणं, मागणं आणि स्वतःला सावरणं ही तिन्ही साधनं मुलाकडून एकदम काढून घेतली जातात आणि बदल्यात हाती काहीच दिलं जात नाही. मग मागणं रडण्यातून, चावण्यातून, ओढाओढीतून बाहेर पडतं आणि फायलीत ‘वर्तनसमस्या’ नावाचं नवं पान सुरू होतं.

याच पद्धतीतला आणखी एक दोष रोज दिसतो. थेरपिस्ट सांगते, ‘म्हण, मला बॉल दे.’ मूल म्हणतं, ‘म्हण, मला बॉल दे.’ वाक्य ‘म्हण’सकट पाठ होतं आणि पुढे महिनोन्महिने तसंच घरी येत राहतं. जे मूल वाक्य अख्खं उचलतं त्याला सूचना कुठे संपली आणि नमुना कुठे सुरू झाला हे वेगळं करता येत नाही. उपाय साधा आहे: ‘म्हण’ वगळायचं. मुलाच्या शेजारी बसून, बॉलकडे बघत, मुलाने जे म्हणावंसं वाटतं तेच वाक्य आपण म्हणायचं आणि थांबायचं.

टप्प्यांची

सध्या सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. काही मुलं सुट्या शब्दांपासून नव्हे तर अख्ख्या वाक्यांपासून भाषेत शिरतात, अशी याची मूळ कल्पना. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅन पीटर्स यांनी 1977 मध्ये आणि पुढे 1983 मध्ये ती मांडली, प्रिझंट यांनी 1983 मध्ये ऑटिझमशी जोडली, आणि 2012 मध्ये स्पीच थेरपिस्ट मार्ज ब्लँक यांनी तिचे टप्पे पाडून ‘नॅचरल लँग्वेज ॲक्विझिशन’ या नावाने उपचारपद्धती पुस्तकरूपाने दिली. पहिल्या टप्प्यात अख्खी वाक्यं, ज्यांना थेरपिस्ट ‘गेस्टाल्ट’ किंवा ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. दुसऱ्यात ती तुटतात आणि तुकडे एकमेकांना जोडले जातात. तिसऱ्यात सुटे शब्द आणि दोन शब्दांच्या नव्या जोड्या. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत स्वतः रचलेली वाक्यं आणि वाढत जाणारं व्याकरण.

याचं चांगलं सेशन बाहेरून बघणाऱ्याला फारसं काही घडत नसल्यासारखं वाटतं. पालक खोलीतच असतात, सगळे जमिनीवर बसलेले, आणि पाऊण तासात थेरपिस्ट बोलते त्याहून जास्त वेळ गप्प असते. समजा मूल झोक्यावर बसून म्हणालं, ‘दिवे बंद करा आता.’ दिवे तर हवे तसेच आहेत. थेरपिस्ट मान डोलावते, तेच वाक्य त्याच सुरात परत म्हणते आणि मनात दहापर्यंत मोजते. हे थांबणं सगळ्यात अवघड काम. नवखी थेरपिस्ट दोन सेकंदांत पुढचं वाक्य टाकते आणि मुलाची पाळी जाते. इथे वाक्याचा अर्थ शब्दांत नाही, ते पहिल्यांदा मनात बसलं त्या प्रसंगात आहे. पालक सांगतात की झोपवताना घरी हे वाक्य म्हटलं जातं. मग ‘दमलो’, ‘आता पुरे’ असे अर्थ तपासायचे. झोका हळू करून ‘पुरे झालं!’ म्हणून पाहायचं. मूल उतरलं तर अंदाज बरोबर असण्याची शक्यता. पुन्हा ढकलायला लावलं तर दुसरा अर्थ शोधायचा. अर्थाचा एकच अंदाज धरून बसणारी थेरपिस्ट आणि प्रतिध्वनी दडपणारी थेरपिस्ट, दोघींच्या हाताखाली मुलाचं म्हणणं शेवटी ऐकलं जात नाहीच.

हा शोध वहीशिवाय होत नाही. दर प्रतिध्वनीमागे सहा गोष्टी लिहायच्या: नेमके शब्द (न सुधारता), सूर आणि तो कुणाच्या आवाजासारखा वाटला, त्या क्षणी काय चाललं होतं, हे आधी कुठे ऐकलं असावं, आपण काय केलं, आणि त्यावर मुलाने काय केलं. ही शेवटची नोंद सगळ्यात जास्त गाळली जाते आणि अर्थ पक्का करायला नेमकी तीच लागते. वाक्य व्हिडिओतलं असेल तर कुठला व्हिडिओ आणि साधारण कितव्या मिनिटाला. इंग्रजी किंवा हिंदी कार्टूनमधलं असेल तरी ते लिहायचंच; ‘ही आपली भाषा नाही’ म्हणून ते वगळणारी थेरपिस्ट मुलाच्या भाषेचा मोठा भाग टाकून देते. दिवसभरातलं सगळं लिहिणं कुणालाच जमत नाही. जेवण, बाहेर निघणं आणि झोप या तीन वेळा धरल्या तरी आठवड्याभरात चित्र उभं राहतं. मूल्यमापनासाठी 50 ते 100 उच्चारांचा नमुना हवा, तोही घरातला आणि क्लिनिकमधला दोन्ही. नुसत्या क्लिनिकमधल्या नमुन्यात मूल आहे त्याहून कमी बोलणारं दिसतं.

या पद्धतीचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि त्यातले नमुने शब्दशः मराठीत आणले की अडतात. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. आई म्हणते ‘मी येते हं’, मुलगा उचलतो ‘मी येते हं’, आणि मग घरचे हसतात किंवा दर वेळी दुरुस्त करतात. थेरपिस्ट बाई आणि मूल मुलगा असेल तर हा गोंधळ दर सेशनला. यातून वाट आपल्या व्याकरणातच आहे. ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत बोलणाऱ्याचं लिंग येत नाही: मला हवंय, मला नको, मला भीती वाटते, मला जायचंय. ‘मी’ घ्यायचाच तर भविष्यकाळ घ्यावा. ‘मी करीन’, ‘मी देईन’ मुलगा-मुलगी दोघांना चालतं. मिळून करायच्या गोष्टींना ‘-ऊया’: जाऊया, धुऊया, उघडूया. घडून गेलेल्या गोष्टींना सांडलं, सापडलं, संपलं, अडकलं. असे पंधरा-वीस नमुने दिनक्रमातल्या ठरलेल्या जागी घरातल्या सगळ्यांनी वापरले तर पुरतात. आवाजात चढउतार हवा, कारण यांतली बरीच मुलं चाल आधी पकडतात.

प्रश्नार्थक वाक्यांचंही तसंच. ‘तुला भूक लागली?’ हे वाक्य उचललं गेलं की मूल भूक लागल्यावर तेच विचारत येतं, आणि पाहुण्यांना वाटतं ते त्यांची चौकशी करतंय. ‘भूक लागली!’ एवढंच म्हटलं तर मुलाला ते जसंच्या तसं उपयोगी पडतं.

दुसऱ्या टप्प्यात शिरल्याची खूण मराठीत वाक्याच्या पोटात दिसते. क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे सुरुवात आणि शेवट घट्ट राहतात आणि मधला शब्द आधी सुटतो. ‘चला, बागेत जाऊया’ आणि ‘चला, हात धुऊया’ ऐकणारं मूल एक दिवस ‘चला, हात जाऊया’ म्हणतं. ऐकायला हे चुकीचं, पण इथे वाक्य पहिल्यांदा उसवलंय. त्या क्षणी दुरुस्ती करू नये. ‘अरे बापरे, चेंडू पडला’वरून ‘अरे बापरे, बाहुली पडला’ येतं, तेव्हा ‘बाहुली पडली, अरे बापरे!’ असं सहज परत म्हणून खेळ पुढे न्यावा. पडला-पडली-पडलं यांचं काम स्वतःची वाक्यं येऊ लागल्यावर. आणि इंग्रजी वाक्यांसाठी बनवलेली व्याकरण-गुणांची कोष्टकं मराठी वाक्यांना लावून कुणी आकडे दिले, तर ते आकडे सोडून द्यावेत.

आता या पद्धतीची कच्ची बाजू. प्रतिध्वनीला अर्थ असू शकतो, याला चांगला आधार आहे. पण मूल याच क्रमाने टप्पे चढतं आणि टप्प्यानुसार थेरपी दिल्याने भाषा अधिक येते, याला तसा आधार नाही. अलीकडे या पद्धतीच्या परिणामकारकतेचा पद्धतशीर आढावा घेतला गेला तेव्हा निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नाही. तरीही जाहिरातीत ती सिद्ध पद्धत म्हणून विकली जाते, आणि तिच्या नावाने काही नियम कडक पथ्यासारखे पाळायला लावले जातात.

त्यातला एक, मुलाला प्रश्न मुळीच विचारायचे नाहीत. प्रश्नांचा भडिमार वाईट, हे खरंच. ‘हे काय? रंग कोणता? किती आहेत?’ यातून मूल फक्त प्रश्न शिकतं. पण दोन वस्तू समोर धरून ‘हे की हे?’ विचारणं आणि बोट, नजर, हात यांपैकी काहीही उत्तर म्हणून स्वीकारणं यात काहीच अपाय नाही. निवड करता येणं ही मुलाची रोजची गरज आहे.

दुसरा नियम अधिक घातक: तिसरा टप्पा येईपर्यंत सुटे शब्द शिकवायचे नाहीत. यापायी ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘मदत’ हे शब्द कित्येक महिने लांबणीवर पडतात. चित्रांचा फलक किंवा बोलणारं टॅबलेट वापरणाऱ्या मुलाच्या पडद्यावरून एक-शब्दी बटणं काढून टाकून फक्त वाक्यांची बटणं ठेवली जातात. असं करू देऊ नका. वाक्यं जोडा, शब्दही राहू द्या. कुठलं वापरायचं हे मूल ठरवेल. दुखण्याच्या बाबतीत तर वाट बघणं चालणारच नाही. प्रतिध्वनीतून बोलणारं मूल पोट दुखताना ‘कुठं दुखतंय? दाखव बघू’ असं डॉक्टरांच्या सुरात म्हणू शकतं आणि ते खेळणं समजलं जातं. अशी वाक्यं वहीत वेगळ्या पानावर, लाल शाईने, आणि शाळेतही कळवलेली हवीत. सोबत शरीराचं चित्र आणि ‘दुखतंय’ची खूण पहिल्या महिन्यातच शिकवायला हवी.

तिसरी अडचण शिक्क्याची. सूर धरतं, गाणी पटकन पाठ होतात, लांब वाक्यं अस्पष्ट बोलतं, अशा यादीवर टिकमार्क करून उशिरा बोलणाऱ्या जवळजवळ कुठल्याही मुलाला ‘गेस्टाल्ट’ ठरवता येतं. बरीच मुलं दोन्ही वाटांनी शिकतात, शब्दही उचलतात आणि वाक्यंही. वीस मिनिटांच्या भेटीत शिक्का मारणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाण्याचं कारण नाही.

तेव्हा या पद्धतीतलं ऐकणं, थांबणं, अर्थ शोधणं, मुलाच्या जागेवरून नमुने देणं हे सगळं घ्यावं. टप्पे नोंदीपुरते ठेवावेत. टप्प्यावरून काय शिकवायचं नाही हे ठरू देऊ नये.

पालकांकरवी चालणारी

हिच्याबद्दल थोडक्यात लिहितो, पण पुराव्याच्या दृष्टीने हिचं पारडं जड आहे. यात थेरपिस्ट मुख्यतः पालकांसोबत काम करते. पालक मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ घेतला जातो, मग दोघं मिळून तो थांबवत-थांबवत बघतात: इथे मुलाने बघितलं, इथे आपण घाईने बोललो, इथे थांबलो तर त्याने स्वतःहून सुरुवात केली. ‘पॅक्ट’ नावाच्या अशा पद्धतीची 2010 मध्ये 152 मुलांवर यादृच्छिक चाचणी (कुठल्या मुलाला कुठल्या गटात घालायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली तुलना) झाली. पहिल्या निकालात ऑटिझमच्या लक्षणांवर ठोस परिणाम दिसला नव्हता, पालक आणि मूल यांच्या देवाणघेवाणीत मात्र स्पष्ट सुधारणा होती. 2016 मधल्या पाठपुराव्यात लक्षणांच्या तीव्रतेतही फरक आढळला. सेशन सुरुवातीला दर पंधरवड्याला, घरचा सराव रोज साधारण अर्धा तास.

उणीव अशी की या थेरपिस्टना प्रतिध्वनीचा शोध घेण्याची सवय असेलच असं नाही, आणि दमलेल्या पालकांवर सगळा भार पडतो. दोन्ही येणारी थेरपिस्ट मिळाली तर दुसरीकडे बघू नका. नाही मिळाली तर ही थेरपी घ्यावी आणि वर सांगितलेली वही स्वतः तिच्याकडे घेऊन जावी.

पैसे भरण्याआधी आणि नंतर

श्रवण तपासणी झाल्याशिवाय थेरपी सुरू करणारं ठिकाण टाळा. मूल सगळं हुबेहूब परत म्हणतं म्हणजे त्याला नीट ऐकू येतं, असं धरून चालू नये; मधल्या कानात पाणी साठलं तर ऐकणं आठवड्यागणिक बदलतं. थेरपिस्टकडे वाचा-श्रवण विषयातली पदवी आणि नोंदणी हवी. एखाद्या पद्धतीचा आठवडाभराचा ऑनलाइन कोर्स ही पदवीवरची भर आहे, पदवीची जागा तो घेत नाही.

लेखी ध्येयं मागा आणि ती वाचा. ‘इकोलालिया 80 टक्क्यांनी कमी करणं’ हे ध्येय दिसलं की उठावं. ‘दुसऱ्या टप्प्यात नेणं’ हेही अपुरं, कारण त्यातून मुलाच्या दिवसात काय बदलेल ते कळत नाही. चांगलं ध्येय असं असतं: कपडे घालताना, जेवताना आणि खेळताना मूल मदत हवी असल्यास वाक्य, शब्द, खूण किंवा बटण यांपैकी काहीही, कुणी न सुचवता, निदान दोन वेगळ्या माणसांपाशी वापरेल. साधारण तीन महिन्यांनी पहिल्यासारखाच नमुना पुन्हा घेऊन तुलना करावी: वेगवेगळी वाक्यं किती, त्यांतली तोडून-जोडून केलेली किती, कशाकशासाठी वापरली, किती माणसांशी. प्रतिध्वनींची संख्या वाढलेली असू शकते आणि तरी प्रगती उत्तम असू शकते. या चारांपैकी कशातच हालचाल नसेल तर पद्धत बदलायला सांगा. ‘त्याचा वेळ तो घेईल’ हे उत्तर दुसऱ्या तिमाहीला चालवून घेऊ नका.

आजारपणात, परीक्षेच्या किंवा घर बदलण्याच्या काळात जुनी वाक्यं परत येतात. ते उलटं जाणं नव्हे, ताणाची खूण आहे. त्या काळात नमुने वाढवू नयेत. पण असलेली भाषा अचानक गळू लागली, किंवा बोलता-बोलता मूल काही क्षण एकटक बघत राहून हाकेला प्रतिसाद देईनासं झालं, तर थेरपीची पुढची तारीख बघत न बसता बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं.

ऑनलाइन सेशन मुलाला पडद्यासमोर बसवण्यासाठी घेतलं तर वाया जातं. पालकांसाठी घेतलं, आधी पाठवलेल्या पाच-सात मिनिटांच्या घरच्या व्हिडिओवर बोलण्यासाठी, तर ते क्लिनिकच्या सेशनच्या तोडीचं ठरू शकतं. गटातली थेरपी सुरुवातीला नको. चार मुलांच्या आवाजात कुठला प्रतिध्वनी कुठून आला हे थेरपिस्टलाही लागत नाही. आणि थेरपिस्ट बदलायची वेळ आली तर सारांशाच्या पत्रावर भागवू नका. मूळ नमुने, ध्वनिमुद्रणं आणि कुठल्या वाक्याचा काय अर्थ ठरला ती यादी मागून घ्या, नाहीतर नव्या ठिकाणी मुलाला ‘दिवे बंद करा आता’चा अर्थ पुन्हा पहिल्यापासून पटवावा लागतो.